नगराचे पुनर्लेखन : मार्गेटच्या किनाऱ्यावरील नव्या-जुन्या वास्तूंविषयी

समीक्षा म्हटली, की कविता, कादंबरी किंवा नाटक एवढेच विषय आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. पण नगर हीदेखील मनुष्याचीच निर्मिती आहे. तिच्यात रचना असते, लय असते, प्रतिमा असतात; आणि मुख्य म्हणजे ती कोणाला तरी उद्देशून केलेली असते. न आवडलेले पुस्तक मिटून फळीवर ठेवता येते. न आवडलेला चौक, धक्का वा पदपथ मात्र रोज ओलांडावा लागतो, आणि ज्यांना दुसरीकडे जाण्याची ऐपत नाही त्यांना तो आयुष्यभर ओलांडावा लागतो. म्हणून सार्वजनिक वास्तूंची समीक्षा ही केवळ वास्तुविशारदांची मिरास राहू नये, वाङ्मयाला वाहिलेल्या पानांतही तिला जागा असावी, असे आम्हांला वाटते.

या लेखापुरते आम्ही इंग्लंडमधील मार्गेट हे समुद्रकाठचे नगर निवडले आहे. त्याला कारणे दोन. चित्रकार टर्नर आणि कवी टी. एस. एलियट या दोघांच्याही सृजनाशी हे नगर जोडलेले आहे, हे पहिले कारण. दुसरे असे, की ओस पडलेले सागरनगर कलेच्या आधाराने पुन्हा कसे उभे करावे, याचा दाखला म्हणून ब्रिटनमध्ये गेली पंधरा वर्षे मार्गेटचे नाव घेतले जाते. दाखला म्हणून ज्याचे नाव घेतले जाते ते बारकाईने तपासून पाहणे हे समीक्षेचे कामच आहे.

एक

मार्गेट हे इंग्लंडच्या आग्नेय टोकाला, केंट परगण्यातील थॅनेट या भूभागावर वसलेले आहे. थॅनेट एके काळी बेट होते. रोमहून निघालेले संत ऑगस्टीन इ. स. ५९७ मध्ये आपल्या सोबत्यांसह याच बेटावर प्रथम उतरले, हे आमच्या पुष्कळ वाचकांना ठाऊक असेल. मार्गेट मूळचे मासेमारीचे आणि लहानसहान व्यापारी गलबतांचे गाव. अठराव्या शतकात समुद्रस्नान प्रकृतीला हितकारक असते असा समज इंग्लंडात रूढ झाला आणि या गावाचे दैव पालटले. समुद्राच्या पाण्याच्या स्नानगृहाची जाहिरात येथे १७३६ मध्येच झाली होती. शतकाच्या मध्याला बेंजामिन बील या क्वेकरपंथीय गृहस्थाने स्नानासाठी पाण्यात ढकलत नेण्याच्या चाकांच्या गाडीला कापडी आडोसा जोडला आणि सभ्य स्त्रीपुरुषांची अडचण दूर केली. पुढे आगबोटी आल्या, १८४६ मध्ये रेल्वे आली, आणि लंडनचा कारकून व कामगारही सुटीचा एखादा दिवस समुद्राकाठी घालवू लागला.

या इतिहासातील एका वास्तूचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. डॉ. जॉन कोकली लेट्सम यांच्या पुढाकाराने १७९१ मध्ये येथे समुद्रस्नान रुग्णालयाची स्थापना झाली. गंडमाळा आणि क्षय यांनी पिडलेल्या गरिबांना समुद्राची हवा आणि समुद्राचे पाणी मिळावे, हा त्याचा हेतू. श्रीमंत आपल्या पैशाने किनाऱ्यावर येत होतेच. गरिबालाही किनारा मिळाला पाहिजे, हा विचार या वास्तूत दगडाविटांनी बांधलेला होता. दोनशे वर्षांहून अधिक काळ चाललेले ते रुग्णालय १९९६ मध्ये बंद झाले आणि त्या इमारतीत पुढे महागडे फ्लॅट झाले. मार्गेटच्या अलीकडील कथेचा सारांश कोणी एका वाक्यात मागितला, तर आम्ही हेच वाक्य देऊ. पण सारांशाने समीक्षा संपत नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विमानप्रवास स्वस्त झाला. स्पेनचे ऊन इंग्रज कामगारालाही परवडू लागले आणि मार्गेटच्या खाणावळी व हॉटेले रिकामी होऊ लागली. १८५५ मध्ये युजेनिअस बर्च यांनी बांधलेला लोखंडी धक्का जानेवारी १९७८ च्या वादळाने मोडून नेला आणि तो पुन्हा बांधला गेला नाही. शेजारच्या क्लिफ्टनव्हिलमधील थोरली हॉटेले एकेका खोलीच्या बिऱ्हाडांत वाटली गेली. ज्यांना अन्यत्र निवारा मिळत नव्हता अशी माणसे तेथे येऊन राहिली. काही तर इतर ठिकाणच्या प्रशासनांनीच पाठवलेली. पेठेतील दुकानांमागून दुकाने ओस पडली. येथील काही वस्त्या केंट परगण्यातील सर्वांत वंचित वस्त्यांत गणल्या जाऊ लागल्या. मार्गेटच्या पुनरुज्जीवनाचा विचार ज्यांनी सुरू केला, त्यांच्यापुढे हे चित्र होते.

दोन

या पुनरुज्जीवनाची मध्यवर्ती वास्तू म्हणजे ‘टर्नर कंटेम्पररी’ हे कलादालन. जे. एम. डब्ल्यू. टर्नर (१७७५–१८५१) बालपणी काही काळ मार्गेटला शिकला आणि उतारवयात पुन्हा पुन्हा येथे येत राहिला. बंदरालगत मिसेस बूथ या बाईंच्या घरी तो उतरत असे. मार्गेटची खाडी वायव्येला तोंड करून आहे, त्यामुळे इंग्लंडच्या पूर्व टोकाला असूनही येथे सूर्य समुद्रात मावळताना दिसतो. या भागातील आकाशासारखे आकाश साऱ्या युरोपात नाही, अशा आशयाचे टर्नरचे उद्गार प्रसिद्ध आहेत. ज्या जागी मिसेस बूथ यांचे घर होते, त्याच ठिकाणी आजचे कलादालन उभे आहे.

ते उभे राहिले तेही सहजासहजी नाही. २००१ मध्ये स्पर्धेतून निवडला गेलेला पहिला आराखडा स्नोहेट्टा आणि स्पेन्स या वास्तुविशारदांचा होता. बंदराच्या धक्क्याला लागून, थेट समुद्रात, भरतीच्या लाटा झेलत उभी राहील अशी ती वास्तू होती. खर्चाचे आकडे फुगत गेले आणि २००६ मध्ये तो आराखडा रद्द झाला. त्यानंतर डेव्हिड चिपरफील्ड यांच्याकडे काम आले. सुमारे पावणेदोन कोटी पौंड खर्चून, मागे हटून जमिनीवर, त्यांनी आजची वास्तू बांधली. ती १६ एप्रिल २०११ रोजी खुली झाली. चिपरफील्ड यांना २०२३ मध्ये वास्तुकलेतील मानाचा प्रिट्झकर पुरस्कार मिळाला.

या दोन आराखड्यांतील फरक आम्हांला वाङ्मयीन दृष्टीनेही बोधप्रद वाटतो. पहिला आराखडा अलंकारप्रचुर काव्यासारखा होता : समुद्राशी झुंजणारा, स्वतःकडे लक्ष वेधणारा. दुसरा गद्याकडे झुकलेला आहे. उतरत्या छपरांचे, दुधी काचेने मढवलेले ठोकळे एकमेकांना टेकून उभे आहेत. ते पाहून अनेकांना गोदामांची आठवण झाली आणि काहींनी नाके मुरडली. आम्ही मात्र या साधेपणाच्या बाजूचे आहोत. छपरातून येणारा उत्तरेचा प्रकाश दालनांत समतोल पसरतो, आणि समुद्राच्या बाजूच्या मोठ्या खिडकीतून तेच आकाश दिसते ज्यासाठी टर्नर येथे येत होता. ज्या दालनाचा स्वतःचा कायमचा चित्रसंग्रह नाही, ज्याला टर्नरची चित्रेही उसनी आणावी लागतात, त्या दालनाने खिडकीतील आकाश हेच आपले कायमचे चित्र मानावे, यात औचित्य आहे. वास्तू स्थळाशी बोलते का, या पहिल्या कसोटीला ही इमारत उतरते.

दुसरी कसोटी खिशाची. दालनात प्रवेश विनामूल्य आहे, ही गोष्ट लहान नाही. पहिल्या वर्षभरातच सुमारे पाच लाख लोक येथे येऊन गेले. २०१९ च्या टर्नर पारितोषिकाचे प्रदर्शन येथे भरले, आणि पारितोषिक देण्याच्या वेळी अंतिम फेरीतील चारही कलावंतांनी परस्परांशी स्पर्धा नाकारून ते एकत्र स्वीकारले.

तिसरी कसोटी सर्वांत अवघड : जुन्या रहिवाशाला या नव्या वास्तूत आपले काही सापडते का? येथे निकाल संमिश्र लागतो. विनामूल्य दारातूनही जो आत जात नाही त्याला कोणी अडवलेले नसते. पण आपल्याला बोलावलेले नाही ही भावना तिकिटापेक्षा मोठा अडसर ठरते. सुदैवाने दालनाच्या चालकांना याची जाण होती, असे म्हणावयास जागा आहे. २०१८ मध्ये एलियटच्या ‘द वेस्ट लँड’ या दीर्घकाव्यावर आधारलेले एक मोठे प्रदर्शन येथे भरले. त्याची आखणी केवळ तज्ज्ञांनी केली नव्हती. स्थानिक रहिवाशांच्या एका गटाने त्या कवितेचा दीर्घकाळ अभ्यास करून चित्रे निवडण्यापासून मांडणीपर्यंत हात घातला होता. विसाव्या शतकातील दुर्बोध गणल्या गेलेल्या कवितेवर सामान्य नगरवासीयांनी बसून विचार करावा आणि त्या विचाराला सार्वजनिक दालनात मान मिळावा, याहून चांगले लोकाभिमुख कार्य कलासंस्थेने कोणते करावे? आमच्या मते मार्गेटच्या दालनाचे हे सर्वांत मोठे यश आहे. लाखांच्या आकड्यांपेक्षाही.

तीन

एलियटचा उल्लेख आला, तेव्हा त्याच्या निवाऱ्याकडे वळू. १९२१ च्या शरदात मज्जातंतूंच्या थकव्याने ग्रासलेला हा कवी बँकेच्या नोकरीतून रजा घेऊन विश्रांतीसाठी मार्गेटला आला आणि सुमारे तीन आठवडे क्लिफ्टनव्हिलच्या एका हॉटेलात राहिला. समुद्राकडे तोंड केलेल्या एका सार्वजनिक निवाऱ्यात बसून आपण कवितेच्या तिसऱ्या भागाचा कच्चा खर्डा केला, असे त्याने पत्रात लिहून ठेवले आहे. त्या भागाला भगवान बुद्धांच्या अग्निविषयक प्रवचनाचे नाव आहे. मार्गेटच्या पुळणीचा उल्लेखही त्यातच येतो. आणि कवितेचा शेवट बृहदारण्यक उपनिषदाच्या आधाराने होतो. भारतीय वाचकाला हा योग विलक्षण वाटेल. आपल्याकडच्या प्राचीन वचनांनी भारलेली कविता ज्या बाकावर आकाराला आली, तो बाक कोणा धनिकाच्या अभ्यासिकेतला नव्हता. नगरपालिकेने येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी उभारलेल्या, छप्पर आणि काचा असलेल्या साध्या निवाऱ्यातला तो होता. पावसात आजी-आजोबांनी बसावे, ट्रॅमची वाट पाहावी, मुलांनी भाकरी खावी, यासाठी तो होता. तेथे बसण्यासाठी काही विकत घ्यावे लागत नव्हते. २००९ मध्ये या निवाऱ्याला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला.

सार्वजनिक जागेची व्याख्या काय, असे कोणी विचारले, तर आम्ही या निवाऱ्याकडे बोट दाखवू. ज्याला घर आहे त्यालाही आणि ज्याला नाही त्यालाही, काही न विकत घेता, कोणाला कारण न सांगता जेथे बसता येते ती सार्वजनिक जागा. आजारी मनाचा, अनोळखी, हातात वही घेतलेला माणूस तेथे तासन् तास बसला, तरी त्याला कोणी उठवले नाही. उठवले असते तर आधुनिक इंग्रजी काव्याचे काय झाले असते, हा प्रश्न गमतीचा वाटेल; पण नवे बाक करताना मध्ये लोखंडी दांडे बसवून कोणाला आडवे होता येऊ नये अशी तजवीज जगभर केली जाते, तेव्हा तो प्रश्न गमतीचा राहत नाही.

याच कसोटीला उतरणारी आणखी दोन कामे मार्गेटला आहेत. एक जुने, एक नवे. जुने म्हणजे वॉलपोल उपसागरातील भरतीचे तळे. १९३७ मध्ये, मंदीच्या त्या दशकात, सुमारे चार एकरांचे हे तळे किनाऱ्यावर भिंती घालून बांधले गेले. भरती आली की समुद्र भिंतींवरून आत येतो, ओहोटीला पाणी मागे राहते. पंप नाही, तिकीट नाही, आणि लाटांची भीतीही नाही. समुद्राच्याच नियमाला कामाला लावून केलेली ही रचना इतकी निगर्वी आहे, की तिला वास्तुकला म्हणावे हे कोणाच्या ध्यानात यावयास २०१४ साल उजाडले; त्या वर्षी तिलाही संरक्षण मिळाले. नवे काम म्हणजे जुन्या पेठेसमोरच्या पायऱ्या. वादळी भरतीपासून पेठेचे रक्षण व्हावे म्हणून २०१० नंतरच्या काही वर्षांत येथे तटबंदी करण्यात आली. ती उंच भिंतीसारखी न करता पुळणीपर्यंत उतरत जाणाऱ्या रुंद पायऱ्यांसारखी केली गेली. एरवी पुरापासून वाचवणारी भिंत माणसाला समुद्रापासून तोडते. येथे तीच त्याला बसावयास जागा देते. संध्याकाळी या पायऱ्यांवर बसून सूर्यास्त पाहणाऱ्यांना आपण तटबंदीवर बसलो आहोत हे जाणवतही नसेल.

२०१७ मध्ये अँटनी गॉर्मली यांचा ओतीव लोखंडाचा एक मनुष्याकार पुतळा कलादालनाजवळच्या खडकावर उभारला गेला. ‘अनदर टाइम’ या नावाच्या शंभर पुतळ्यांपैकी तो एक. ओहोटीला तो पूर्ण दिसतो, भरतीला पाण्याखाली जातो. चौथऱ्यावर चढवलेल्या वीरपुरुषांच्या पुतळ्यांची आपल्याला सवय असते. हा कोणाचाच पुतळा नाही, त्याला चौथरा नाही, आणि दिवसातून दोनदा तो नाहीसा होतो. समुद्रावर मात न करता त्याच्या वेळापत्रकाला शरण जाणारी ही कलाकृती आम्हांला तळ्याची आणि पायऱ्यांची सख्खी बहीण वाटते. मार्गेटमध्ये जे उत्तम आहे ते भरती-ओहोटीला सोबत घेऊन केलेले आहे, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

चार

आता या कथेची दुसरी बाजू. मार्गेटच्या सामान्य माणसाच्या आठवणीत टर्नर आणि एलियट यांच्यापेक्षा ‘ड्रीमलँड’चे स्थान मोठे आहे. १९२० मध्ये सुरू झालेले हे करमणुकीचे उद्यान, आणि त्यातील ‘सीनिक रेल्वे’ ही लाकडी सांगाड्यावरून चढउतार करीत धावणारी गाडी. गाडीचा वेग आवरण्यासाठी एक माणूस प्रवाशांसोबत बसून हाताने ब्रेक ओढत असे. २००२ मध्ये या गाडीला संरक्षण मिळाले, पण उद्यान मात्र बंद पडण्याच्या वाटेला लागले. ती जागा घरबांधणीसाठी जाणार अशी चिन्हे दिसू लागली, तेव्हा नगरवासीयांनी बचाव-मोहीम उभारली. एप्रिल २००८ मध्ये लागलेल्या आगीत सीनिक रेल्वेचा मोठा भाग जळाला. तरीही मोहीम थांबली नाही. थॅनेटच्या स्थानिक प्रशासनाने सक्तीच्या खरेदीचा अधिकार वापरून २०१३ मध्ये ती जागा ताब्यात घेतली, आणि जून २०१५ मध्ये उद्यान पुन्हा उघडले. त्याच वर्षी सीनिक रेल्वेही पुन्हा धावली.

लोकांच्या आग्रहामुळे करमणुकीची एक जागा वाचली, ही घटना आम्हांला कलादालनाइतकीच महत्त्वाची वाटते. उच्च कलेला आश्रय मिळतो. सामान्यांच्या आनंदाला वारसा मानण्याची बुद्धी मात्र उशिरा होते. परंतु उघडल्यानंतर वर्षही न लोटता उद्यान चालवणारी कंपनी आर्थिक अडचणीत सापडली आणि कारभार प्रशासकांच्या हाती गेला. पुढे त्या जागेचा भर हळूहळू मोठ्या संगीत-जलशांकडे वळला. जागा वाचवणे आणि ती ज्यांच्यासाठी वाचवली त्यांना परवडेल अशी ठेवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी उत्साह पुरतो. दुसरीसाठी वर्षानुवर्षे पैसा आणि व्यवस्था लागते.

‘विंटर गार्डन्स’ या सभागृहाची गोष्ट याहून बोलकी आहे. १९११ मध्ये उघडलेले हे नगराचे स्वतःचे नाट्यगृह. नाच, नाटके, समारंभ, शाळांचे कार्यक्रम यांसाठी पिढ्यान्पिढ्या वापरले गेलेले. ऑगस्ट २०२२ मध्ये ते बंद झाले. बाहेरून येणाऱ्यांना ज्या कलादालनासाठी मार्गेट ठाऊक आहे ते उजळलेले, आणि तेथल्याच माणसांनी ज्यात आपले आनंद साजरे केले ते सभागृह काळोखात, हा विरोधाभास कोणत्याही कादंबरीकाराला सुचला असता. त्याच्या उलट ‘मार्गेट केव्ह्ज’चे उदाहरण. खडूच्या खडकात कोरलेली ही जुनी भुयारे २००४ मध्ये बंद झाली होती. स्थानिक लोकांनी न्यास स्थापून, पैसा जमवून, २०१९ मध्ये ती पुन्हा खुली केली. सोबत वस्तीसाठी समाजगृहही बांधले. मोठ्या नावाचा वास्तुविशारद नाही, मोठा गाजावाजा नाही. पण चालवणारे हात तेथलेच आहेत.

या सर्वांहून गंभीर प्रश्न घरांचा आहे. डिसेंबर २००९ मध्ये लंडनहून वेगवान रेल्वे सुरू झाली आणि मार्गेट दीड तासावर आले. २०११ नंतर कलावंत आले, त्यांच्यामागून दुकाने आणि उपाहारगृहे आली, आणि त्यांच्यामागून घरे विकत घेणारे आले. लंडनहून आलेल्यांसाठी ‘डीएफएल’ असे तीन अक्षरी टोपणनाव गावात रुळले. त्यात थोडी थट्टा आहे, थोडी कडवटपणाची चवही आहे. घरांच्या किमती आणि भाडी वाढली; काही घरे राहण्यासाठी न उरता सुटीच्या पाहुण्यांना देण्याची झाली. क्लिफ्टनव्हिलच्या एका खोलीत ज्याचा संसार होता, त्याच्या दृष्टीने पुनरुज्जीवन म्हणजे काय? किनारा सुंदर झाला, पायऱ्या झाल्या, कलादालन झाले. आणि या सौंदर्याचेच भाडे त्याच्या माथी बसले.

पाच

येथे एक आक्षेप आम्ही ऐकून घेतला पाहिजे. कोणी म्हणेल : कलादालन झाले नसते तर काय झाले असते? दुकाने ओसच राहिली असती, तरुण गाव सोडून गेलेच असते. दारिद्र्य जपून ठेवणे हा तर काही वारसा नव्हे. हा आक्षेप खरा आहे, आणि आम्ही तो मान्य करतो. पडक्या पेठेत सात्त्विक काव्य शोधणे ही दुरून पाहणाऱ्यांची चैन असते. बाहेरून आलेल्यांपैकी पुष्कळांनी ओस इमारती सावरल्या. ट्रेसी एमिन या चित्रकर्तीचे बालपण मार्गेटला गेले. मोठे नाव मिळवून ती आपल्या गावी परतली आणि तिने नवोदित कलावंतांसाठी कार्यशाळा उघडल्या. बाहेर गेलेली मुलगी घरी परत येणे हेही पुनरुज्जीवनाचेच फळ आहे.

आमचा आक्षेप कलेवर नाहीच. आमचे म्हणणे असे, की नगराचे पुनर्लेखन करताना मार्गेटने शीर्षक, मुखपृष्ठ आणि पहिले प्रकरण यांवर अपार मेहनत घेतली. परंतु ज्या प्रकरणात माणसे राहतात ते प्रकरण बाजाराच्या हाती सोपवले. किनाऱ्यावरचा प्रत्येक दगड कसा बसावा याचा आराखडा होता. किनारा सुधारला की मागच्या गल्लीतील भाडे वाढणार, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या पाठात शिकवले जाते; त्यासाठी मात्र तेवढ्याच ताकदीचा आराखडा तेव्हाच तयार नव्हता. पुढे २०२१ मध्ये मार्गेटसाठी केंद्र शासनाच्या नगरनिधीतून २ कोटी २२ लाख पौंडांची रक्कम ठरली. पण तोवर दहा वर्षे उलटली होती. जो निवारा आधी बांधावयास हवा होता, तो पाऊस पडून गेल्यावर आठवला, असे कोणी म्हटले तर त्याला खोडून काढणे कठीण आहे.

म्हणून आमचा निर्णय असा : स्थळाशी इमान राखण्यात मार्गेटची नवी-जुनी कामे पहिल्या प्रतीची आहेत, सर्वांना मोकळीक देण्यात बहुतांशी उत्तम आहेत, परंतु जुन्या रहिवाशाला त्याच्या जागी टिकवून ठेवण्यात हे पुनरुज्जीवन उणे पडले. पहिल्या दोन गुणांमुळे तिसरी उणीव झाकली जात नाही. उलट अधिक उठून दिसते.

आपल्या किनाऱ्याकडे पाहताना हा निर्णय उपयोगी पडावा. मुंबईत वांद्र्याच्या बँडस्टँड आणि कार्टर रोड येथे किनारपथ झाले, ते नागरिकांच्या संघटनांनी वास्तुविशारद पी. के. दास यांच्या साहाय्याने घडवून आणले. बिल्डरच्या कुंपणात जाऊ शकली असती अशी जागा सर्वांच्या पायांखाली राहिली, हे थोर कार्य होय. वसईच्या भागात १९८९ च्या सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली. जमीन, पाणी आणि तेथे राहणारा माणूस यांना एकमेकांपासून तोडता येत नाही, हेच तिचे सांगणे होते. फादर २०२४ मध्ये आपल्यातून गेले; ते सांगणे जुने झालेले नाही.

आपल्या कोळीवाड्यांत किनारा ही केवळ फिरावयाची जागा नाही. बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळतात, जाळी विणली जातात, होड्यांची डागडुजी होते. किनारा हे तेथल्या घरांचे अंगण आहे आणि कारखानाही आहे. अशा किनाऱ्यावर सुशोभीकरणाचा रंगीत आराखडा येतो तेव्हा त्यात फरशी, दिवे, कारंजे आणि बाक असतात. वाळत घातलेले बोंबील मात्र क्वचितच दिसतात. त्यांचा वास चित्रात मावत नाही, आणि चित्रात जे मावत नाही ते पुढे प्रत्यक्षातही मावेनासे होते.

तेव्हा पंचायतीच्या वा महानगरपालिकेच्या फलकावर असा आराखडा लागला, की आपण तो एखाद्या पुस्तकाच्या हस्तलिखितासारखा वाचावा. येथल्या भरतीला, वाऱ्याला, मातीला या रचनेने ओळखले आहे का? खिशात एक रुपयाही नसलेल्या म्हाताऱ्याला येथे सावलीत तासभर बसता येईल का? आणि हे सारे पूर्ण झाल्यावर, आज ज्याचे दार या किनाऱ्यावर उघडते, त्याचे दार दहा वर्षांनीही येथेच उघडेल का? या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी मागावीत, आणि तीही काम सुरू होण्यापूर्वी मागावीत. मार्गेटच्या माणसांना तिसरा प्रश्न विचारण्यास उशीर झाला. आपल्या पुष्कळशा किनाऱ्यांवर अद्याप फरशी बसलेली नाही, एवढा वेळ आपल्या हाती आहे.